एका पेशीतून नेटवर्क वाढवताना आधी वाढ, मग उत्क्रांती

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाला उसाच्या सरीतून आपली आपण चालणारी छोटी गाडी करायची आहे. गाडीचं न्यूरल नेटवर्क हातानं आखायचं नाही. गर्भात मेंदू वाढतो तसं ते एका पेशीतून वाढवायचं आणि वाढीचे नियम उत्क्रांतीनं शोधायचे, असा बेत आहे. पण ३०० पिढ्या चालवूनही फिटनेस, म्हणजे गाडी किती चांगली चालते याचे गुण, शून्याच्या आसपासच आहे. बहुतेक जीनोममधून (जीनोम म्हणजे वाढीचे नियम सांगणाऱ्या आकड्यांची यादी) एकतर एकच पेशी उरते, नाहीतर सगळी ग्रिड, म्हणजे पेशी वाढतात तो चौकटींचा पट, पेशींनी ठासून भरते. मग लोकसंख्या वाढवावी की म्युटेशनचा दर?

दोन्हीला हात लावू नका. उत्क्रांतीला निवडण्यासारखं काही मिळतच नाहीये, कारण वाढीची यंत्रणा बिघडलेली आहे. ती आधी उत्क्रांतीशिवाय तपासून दुरुस्त करावी लागेल.

मुळात ही पद्धत का वापरायची, हे स्पष्ट असेल तर पुढचे निर्णय सोपे होतात. शिरोलीच्या फौंड्रीत जसा पॅटर्न, तशी कास्टिंग: भोक हवं तर पॅटर्नमध्ये त्याची सोय करावी लागते. नेटवर्कचं प्रत्येक वजन, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडीची ताकद, जीनोममध्ये लिहिणं हे तसंच. ६० न्यूरॉन सगळे एकमेकांना जोडायचे तर ३,६०० आकडे लागतात. उसाच्या एक डोळ्याच्या टिपरीत मात्र उसाचा नकाशा नसतो. प्रत्येक पेशीत जनुकं तीच. आपण कुठे आहोत, शेजारी काय चाललंय यावरून पेशी वागणं ठरवते. शेंडा जिवंत असतो तोवर त्याच्याकडून येणारं ऑक्सिन खालचे डोळे दाबून धरतं. शेंडे किडीनं शेंडा मेला की पांगशा फुटतात. नियम एकच, तो कांडीकांडीवर लागू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २०,००० च्या घरात. प्रत्येक जोड वेगळी लिहून ठेवायला जागाच नाही.

पण वाढ म्हटली की फायदा आपोआप होतो असं समजू नका. कितानो यांनी १९९० साली मॅट्रिक्स टप्प्याटप्प्यानं पुनर्लेखन करून नेटवर्क वाढवण्याची पद्धत मांडली. १९९८ मध्ये सिद्दीकी आणि लुकास यांनी तिची थेट एन्कोडिंगशी, म्हणजे प्रत्येक जोड जीनोममध्ये लिहिण्याच्या पद्धतीशी, तुलना केली, तेव्हा सुरुवातीची लोकसंख्या नीट निवडली तर थेट पद्धतही तितकीच चांगली चालते असं दिसलं. ग्रुओ यांच्या पद्धतीत पेशींना विभाजनाचे हुकूम देणारा प्रोग्रॅम उत्क्रांत होतो. वेगाची माहिती न देता एका गाडीवर दोन दांडे तोलण्याच्या परीक्षेत तिला ८,४०,००० मूल्यमापनं लागली होती. प्रत्येक जोड थेट लिहिणाऱ्या, स्टॅनली आणि मिक्कुलैनन यांच्या २००२ च्या ‘नीट’ (NEAT) नावाच्या पद्धतीला ३३,१८४ पुरली. दोन दांडे तोलण्यात पुनरावृत्ती फारशी नाही, तिथे वाढीच्या नियमांना पकडायला काही नसतं. २०११ मध्ये क्लून आणि सहकाऱ्यांनी समस्येतली नियमितता पायरीपायरीनं बदलून पाहिली. नियमितता जितकी जास्त, तितकी अप्रत्यक्ष एन्कोडिंग, म्हणजे नियमांतून नेटवर्क घडवणारी पद्धत, पुढे गेली.

या कसोटीवर तुमची गाडी चांगलं उदाहरण आहे. डावं-उजवं सारखं आहे, समोर सेन्सरची ओळ आहे आणि प्रत्येक सेन्सरचं काम शेजारच्यासारखंच आहे. एक्सऑरसारख्या पुनरावृत्ती नसलेल्या, दोन इनपुटच्या छोट्या कोड्यावर ही पद्धत तपासण्यात वेळ घालवू नका.

आता मांडणी. ग्रिड १७ × १७ घ्या. १६ × १६ नको, कारण सम संख्येला मधला स्तंभ नसतो आणि पहिली पेशी मध्यरेषेवर ठेवता येत नाही. स्तंभांना ० ते १६ आकडे द्या. वरच्या ओळीत १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ या स्तंभांत ८ सेन्सर पेशी, खालच्या ओळीत दोन मोटर पेशी आणि मधोमध एक जननपेशी, म्हणजे जिच्यातून बाकीचं सगळं वाढतं ती पहिली पेशी. सेन्सर आणि मोटर पेशींत जनुकं इतरांसारखीच चालतात, फक्त त्या विभागत नाहीत आणि मरत नाहीत.

प्रत्येक पेशीत १० प्रथिनं पुरेत. ३ पसरणारी मॉर्फोजेन (ज्यांच्या मात्रेवरून पेशीला आपली जागा कळते ती), १ विभाजनाचं, १ मृत्यूचं, १ न्यूरॉन होण्याचं, ३ ओळखखुणेची आणि १ आतल्या कामासाठी मोकळं. प्रत्येक जनुकाला १० प्रथिनांची वजनं, शेजारच्या ८ घरांपैकी किती हिस्सा भरलेला आहे (० ते १) याचं १ वजन, एक बायस (बेरजेत मिळवायचा स्थिर आकडा) आणि एक दर, म्हणजे १३ आकडे. १० जनुकांचे १३०. ओळखखुणा जुळवण्याचा ३ × ३ तक्ता, ९ आकडे. मॉर्फोजेन किती पसरतं याचे ३. एकूण १४२. नियम असा:

नवी मात्रा = जुनी मात्रा × (१ − दर) + दर × सिग्मॉइड(वजनी बेरीज + बायस)

मॉर्फोजेनसाठी पेशी फक्त भर घालते; त्यांचा ऱ्हास ग्रिडभर एकाच ठरलेल्या दरानं होऊ द्या.

तुमचं लक्षण, म्हणजे एक पेशी किंवा ठासून भरलेली ग्रिड, बहुधा इथेच जन्माला येतं. सिग्मॉइड हे फलन कोणताही आकडा ० ते १ मध्ये बसवतं; त्याला शून्य दिलं की ०.५ मिळतं. विभाजनाचा उंबरठाही ०.५ ठेवला असेल तर यादृच्छिक जीनोम म्हणजे नाणेफेक: अर्ध्यात पेशी कायम विभागते, अर्ध्यात कधीच नाही, मधलं काही नाही. उंबरठा ०.६५ ला न्या. प्रत्येक पेशीला ऊर्जा द्या. विभाजनात ती दोन लेकींत अर्धी-अर्धी वाटली जाऊ द्या आणि दर पायरीला थोडी भरू द्या. सर्वांत जास्त उपयोग होतो तो गर्दीच्या वजनाचा. सुरुवातीच्या लोकसंख्येत विभाजनाच्या जनुकाला शेजाऱ्यांच्या गर्दीचं वजन ऋण, −२ च्या आसपास, आणि बायस +१ च्या आसपास ठेवा. मोकळ्या जागेत पेशी वाढते, गर्दीत थांबते. पुढे उत्क्रांती हे आकडे हवे तसे बदलेल, पण सुरुवात जिवंत हवी.

दुसरी अडचण सममितीची. सगळ्या पेशींत नियम तेच आणि पहिली पेशी एकटी, तर वेगळेपण येणार कुठून? निसर्ग पहिला फरक बाहेरून देतो. फळमाशीची आई अंड्याच्या एका टोकाला बायकॉइडचा आरएनए ठेवते. त्यापासूनच्या प्रथिनाची मात्रा डोक्याकडून शेपटीकडे उतरत जाते. ही उतरंड तुम्हीही द्या. पहिल्या मॉर्फोजेनचा स्रोत वरच्या ओळीत, दुसऱ्याचा मधल्या स्तंभात. पहिल्यावरून पेशीला पुढे-मागे कळतं, दुसऱ्यावरून मध्यापासूनचं अंतर. डावी-उजवी बाजू मात्र एकसारखीच राहते, आणि गाडीला तेच हवं आहे.

उतरंड दिली असं वाटतं पण प्रत्यक्षात ती तिथे नसते, असं फार वेळा होतं. प्रसरणाचा दर डी = ०.२ धरला तर ५० पायऱ्यांत पदार्थ साधारण √(२ × ०.२ × ५०), म्हणजे साडेचार घरं पसरतो. तुमची ग्रिड १७ घरांची. खालच्या निम्म्या भागाला पहिल्या मॉर्फोजेनचा पत्ताच लागत नाही. म्हणून वाढीच्या एका पायरीत प्रसरणाच्या १० उपपायऱ्या घ्या, किंवा जननपेशी ठेवण्याआधी ६५० पायऱ्या नुसतं प्रसरण चालवा. ऱ्हासही इथे गुपचूप घात करतो. स्थिर उतरंडीची लांबी √(डी ÷ ऱ्हास) असते. ऱ्हास ०.१ ठेवला तर लांबी १.४ घरं, म्हणजे काहीच नाही. ६ घरं हवी असतील तर ऱ्हास ०.००५६ च्या आसपास लागतो. आणि डी ०.२५ च्या वर कधीही जाऊ देऊ नका. दोन मितींत साध्या पद्धतीची स्थिरता तिथे संपते. बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके आणि ऋण मात्रा दिसल्या तर कारण हेच. डी जीनोममध्ये आहे, तेव्हा म्युटेशननंतर तो ०.०२ ते ०.२२ मध्ये कापून घ्या.

पायथनमध्ये शेजाऱ्यांची बेरीज करायला नमपाय या गणिती लायब्ररीचं रोल फंक्शन वापरलं असेल तर तेही तपासा. ते ग्रिडची एक कड दुसऱ्या कडेला जोडतं, त्यामुळे डोक्याकडचा पदार्थ थेट शेपटीत गळतो. कडेला आरशासारखी अट हवी: बाहेरचं घर म्हणजे कडेच्याच घराची नक्कल.

विभाजनाची दिशा पहिल्या मॉर्फोजेनच्या उताराकडे ठेवा. दोन घरांची मात्रा सारखी असली तर सर्वांत मोठ्या मात्रेचं घर शोधणारं अर्गमॅक्स फंक्शन नेहमी पहिलं घर निवडतं, आणि सगळं शरीर हळूहळू एका बाजूला कलतं. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. पेशी ओळीनं तपासत गेलात तरी हाच दोष येतो, कारण आधी तपासलेली पेशी रिकामं घर बळकावते. म्हणून आधी सगळ्या पेशींचे मनसुबे गोळा करा, मग निकाल लावा: एकाच घरावर दोघी आल्या तर जिचं विभाजनाचं प्रथिन जास्त तिला घर, अगदी बरोबरी असेल तर घर रिकामं.

जोडण्यांसाठी अक्षतंतूचं (न्यूरॉनमधून निघणाऱ्या धाग्याचं) टोक घरोघर चालवण्याचा मोह होईल. स्पेरी यांनी १९६३ मध्ये मांडलेली कल्पना, तंतू रासायनिक खुणा ओळखत आपलं लक्ष्य गाठतो, फार देखणी आहे आणि ती तशीच राबवावीशी वाटते. पहिल्या आवृत्तीत ते करू नका. खुणा जुळण्याचा गाभा तेवढा घ्या. दोन पेशींतलं अंतर ५ घरांच्या आत असेल तर उगमपेशीची ३ खुणेची प्रथिनं, तो ३ × ३ तक्ता आणि लक्ष्यपेशीची ३ प्रथिनं यांचा गुणाकार हे वजन. ०.२ पेक्षा लहान वजन म्हणजे जोड नाही. येणाऱ्या जोडांच्या संख्येच्या वर्गमुळानं वजनं भागा, नाहीतर गर्दीच्या भागातले न्यूरॉन कायम पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद राहतात.

वरची ओळ ते खालची ओळ १६ घरं. एका उडीत जास्तीत जास्त ५ घरं, म्हणजे मध्ये किमान ३ न्यूरॉन लागतात. गाडीचं नियंत्रण सेकंदाला २० वेळा चालत असेल तर प्रत्येक सेन्सर वाचनामागे नेटवर्क ५ वेळा फिरवा. एकदाच फिरवलंत तर भिंत दिसल्याची खबर मोटरपर्यंत चार वाचनं उशिरा पोचते आणि दोष विनाकारण उत्क्रांतीवर जातो.

जास्तीचं वाढवून नंतर छाटणं, हा जीवशास्त्रातला धडा मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या उभयलिंगी प्राण्यात वाढीदरम्यान १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात. उरतात ९५९, त्यात ३०२ न्यूरॉन. सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी ही वंशावळ पेशीन् पेशी १९८३ पर्यंत पूर्ण केली. तुमच्याकडे वाढ संपली की सेन्सरांवर २०० यादृच्छिक वाचनं सोडा. ज्या न्यूरॉनच्या उत्तराचं विचरण (चढउताराचं माप) ०.००१ पेक्षा कमी, तो काढा. वर्तन सहसा फारसं बदलत नाही, गणित हलकं होतं आणि चित्रात नेटवर्क डोळ्यांना समजू लागतं.

आता उत्क्रांतीआधीच्या दोन चाचण्या. पहिली: ५०० यादृच्छिक जीनोम वाढवा आणि किती जणांत एखाद्या सेन्सरपासून मोटरपर्यंत वाट आहे ते मोजा. एक दशांशापेक्षा कमी निघाले तर उत्क्रांती सुरूच करू नका, वरचे आकडे पुन्हा पाहा. दुसरी जास्त महत्त्वाची. एक बरा जीनोम घ्या, त्याचे १०० म्युटंट करा आणि जोडणीच्या तक्त्यात किती घरं बदलली ते मोजा. हे म्युटेशनच्या ०.०१, ०.०३, ०.१ आणि ०.३ या आकारांवर करा. आलेख हळूहळू चढायला हवा. बहुतेक म्युटंट हुबेहूब तसेच आणि एखाद-दुसरा पार वेगळा असं दिसलं तर जमीन सपाट आणि मध्येच कडे आहेत. तिथे कोणतीही निवड पद्धत चाचपडतच राहील. कारण बहुधा पहिल्या चार-पाच विभाजनांत असतं. तिसऱ्या पायरीला होणारं विभाजन पाचव्या पायरीला गेलं की त्यापुढची सगळी वंशावळ सरकते. उपाय म्हणजे विभाजनाच्या पहिल्या तीन फेऱ्या जनुकांच्या हाती न देता ठरवून टाका, ८ पेशींपासून जनुकांना मोकळं सोडा. ही तडजोड आहे, पण मी ती बिनदिक्कत सुचवतो. अंड्यातही पहिली पावलं मोठ्या प्रमाणात आईनं ठेवलेल्या साठ्यावरच पडतात.

उत्क्रांतीचं सांगायला कमी आहे. १४२ वास्तव आकड्यांसाठी सीएमए-ईएस हा उत्क्रांतीचा तयार अल्गोरिदम चांगला चालतो. त्याची नेहमीची लोकसंख्या ४ + ३ × लॉग(१४२) या सूत्रानं (लॉग नैसर्गिक, अपूर्णांक सोडून) १८ येते. तुमचा फिटनेस गोंगाटी आहे, म्हणजे त्याच जीनोमला दर वेळी थोडे वेगळे गुण मिळतात, तेव्हा ती ६० पर्यंत वाढवा. साधा जेनेटिक अल्गोरिदमच हवा असेल तर लोकसंख्या १५०, तिघांची स्पर्धा (तीन यादृच्छिक जीनोममधला उत्तम निवडणं), ५ उत्तम जसेच्या तसे पुढे, आणि क्रॉसओव्हर (दोन जीनोमची सरमिसळ) बंद. दोन जीनोम एकच शरीर वेगवेगळ्या जनुकांतून घडवत असतील तर त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या मिश्रणातून सहसा काहीच उभं राहत नाही.

फिटनेससाठी सहा वेगवेगळ्या सऱ्या घ्या. साडेचार फुटी सरी म्हणजे १३७ सेंटीमीटर. तिला वळणं द्या, मध्ये लोळलेले ऊस टाका. न धडकता कापलेलं अंतर मुख्य. वाट तयार झाल्याचे गुण एकूण गुणांच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नकोत. ते वाढवले की उत्क्रांती सगळ्याला सगळं जोडून मोकळी होते आणि गाडी जागची हलत नाही. सेन्सरवर ५ ते १० टक्के गोंगाट मिसळाच. पूर्ण सममित नेटवर्कला अगदी समोर अडथळा आला तर दोन्ही मोटरना सारखंच उत्तर मिळतं आणि गाडी सरळ जाऊन धडकते. गोंगाट ती कोंडी फोडतो. सिम्युलेशनमधून खऱ्या सरीत उतरतानाही त्याचाच आधार असतो. जाकोबी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं तसं, गोंगाट खऱ्या सेन्सरइतका हवा. फार कमी वा फार जास्त झाला तर सिम्युलेशनमधलं वर्तन बाहेर टिकत नाही.

वाढ नेमकी ५० व्या पायरीला थांबवली तर ५० ला उत्तम आणि ५५ ला कोसळणारं शरीर मिळतं. दर वेळी ४५ ते ६० मधली यादृच्छिक पायरी घ्या आणि तीन वाढींची सरासरी धरा. मॉर्डविंटसेव्ह आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या वाढणाऱ्या सेल्युलर ऑटोमेटामध्येही (शेजारी पाहून बदलणाऱ्या घरांच्या पटामध्ये) प्रशिक्षणात पायऱ्या ६४ ते ९६ मधून यादृच्छिक घेतल्या होत्या. शेवटी ग्रिड २५ × २५ करून तोच जीनोम वाढवा. आकार बिघडला तर पेशी उतरंडीवर नव्हे, ग्रिडच्या भिंतीवर टेकून आकार घेत होत्या.

वेळेचा हिशेब लॅपटॉपला झेपणारा आहे. तीन वाढी आणि सहा सऱ्या मिळून एका जीनोमला ०.२२ सेकंद धरा. १५० ची लोकसंख्या × २०० पिढ्या म्हणजे ३०,००० जीनोम, ६,६०० सेकंद; चार कोअरवर साधारण २८ मिनिटं. अशा २० धावा सव्वानऊ तासांत, म्हणजे रात्रभरात होतात. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दर १० पिढ्यांनी लोकसंख्येसोबत यादृच्छिक संख्यांच्या जनरेटरची अवस्थाही साठवा. नुसती लोकसंख्या साठवली तर धाव पुढे चालेल, पण तीच धाव पुन्हा करून दाखवता येणार नाही.

तितक्याच मूल्यमापनांत थेट एन्कोडिंगच्याही २० धावा करा आणि मध्यक शेजारी शेजारी मांडा. ८ सेन्सरवर थेट पद्धत जिंकली तरी प्रकल्प फसलेला नाही. खरा प्रयोग पुढचा आहे: तोच जीनोम, एकही आकडा न बदलता, ८ व्या स्तंभाखेरीज वरच्या ओळीतल्या सगळ्या स्तंभांत सेन्सर पेशी ठेवून वाढवा. सेन्सर १६ होतात. ८ सेन्सरसाठी लिहिलेल्या थेट जीनोममध्ये नव्या सेन्सरांची वजनंच नसतात, त्यामुळे हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. परीक्षकांना दाखवायचा आलेख हाच.

खऱ्या गाडीवर वाढ चालवायची गरज नाही. वाढून तयार झालेला ६० × ६० चा तक्ता ८ बिटांत आणला की ३,६०० बाइट होतो. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डाची रॅम २,०४८ बाइट, म्हणून तक्ता ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये ठेवा आणि रॅममध्ये फक्त न्यूरॉनच्या जुन्या व नव्या अवस्था, फ्लोटमध्ये (४ बाइटच्या दशांश आकड्यांत) ४८० बाइट. ८ बिटांत आणताना सगळ्या तक्त्याला एकच मापक (वजन ज्यानं भागून ८ बिटांत बसवायचं तो आकडा) वापरू नका. प्रत्येक न्यूरॉनच्या ओळीला वेगळा मापक द्या, नाहीतर लहान वजनं शून्य होतात आणि सिम्युलेशनमध्ये सरळ चालणारी गाडी सरीत एका बाजूला ओढते.